मिळावी, मिळाली

श्रीरामपूर,
१० फेब्रुवारी २०२५

प्रिय शालन,
अक्काचा सलाम घे.

कालपासून मी तुझ्यावर रागावले आहे आणि मधूनमधून आनंदानं रडतेही आहे, तेव्हा अक्षर सांभाळून घे. काल उपासना सुटल्यावर आपल्या भावजयीनं मला चर्चच्या पायरीवरच धरलं. तिचा हितेंद्र लोअर परळला नोकरीला लागल्यापासून तुमच्याच चर्चमध्ये येतो ना, त्यानं दोन तारखेला स्वतःच्या कानांनी ऐकलं. सेक्रेटरीनं वाचलं, "श्री. शांतवन मकासरे यांना वाचा मिळाली याबद्दल कुटुंबाकडून उपकारस्तुती." सगळी मंडळी टाळ्या वाजवत उठली म्हणे, आणि तू जागेवर हात जोडून उभी होतीस.

शालन, सख्ख्या बहिणीला हे पायरीवर कळावं? दोन वर्षं आणि तीन महिने झाले त्यांना लकवा होऊन. दर शुक्रवारी मी त्यांच्या जिभेसाठी उपास धरते, तुला माहीत आहे. गेल्या शुक्रवारी साबुदाणासुद्धा खाल्ला नाही, आणि तिकडे ते बोलायलाही लागले होते.

पहिला शब्द कोणता काढला ते लिही. तुझं नाव घेतलं की जेवायला मागितलं? माझी पैज जेवणावर आहे.

स्त्रियांच्या रविवारी साक्ष तुझीच आहे असंही कळलं. विषय देवाच्या चांगुलपणाचा अनुभव. बरोबरच आहे, दुसरं कोण देणार? थोडक्यात सांग, बायकांना बारा वाजता भूक लागते. मी त्या रविवारी येते. शांतवनरावांचे ओठ हलताना मला डोळ्यांनी बघायचे आहेत. इथल्या पाळकसाहेबांनाही सांगितलं आहे, येत्या रविवारी ते आमच्याकडे जाहीर करतील.

फोन करू नकोस. फोननं माझं डोकं दुखतं. पत्रच लिही.

तुझी,
अक्का


नायगाव,
१४ फेब्रुवारी २०२५

प्रिय अक्का,
सलाम.

हे पत्र तुला रविवारच्या आत मिळावं म्हणून स्पीडपोस्टानं टाकते आहे. पाळकसाहेबांना थांबव. हे बोलत नाहीत. एक शब्दही नाही. दोन वर्षांपूर्वी जो "ब" निघत होता तोच अजून निघतो, भूक लागली तरी "ब" आणि चादर ओली झाली तरी "ब".

झालं ते असं. जानेवारीच्या शेवटी मी प्रार्थनेची चिठ्ठी दिली. "शांतवन मकासरे यांना वाचा मिळावी." चिठ्ठी घालायला पाकीट नव्हतं. हे सोळा वर्षं सेक्रेटरी होते, त्यांच्या खणात उपकारस्तुतीची छापील पाकिटं शिल्लक आहेत, कोरी. ती फेकायला माझा हात होत नाही. एक घेतलं, छापलेल्या शब्दावर पेन्सिलीनं रेघ मारली आणि चर्चच्या चिठ्ठ्यांच्या पेटीत टाकलं. नवा सेक्रेटरी सुशांत, सव्वीस वर्षांचा, सगळं घाईत. त्यानं रेघ पाहिली नाही, "मिळावी"चं "मिळाली" वाचलं. ह्यांच्या काळात असं झालं नसतं. हे प्रत्येक चिठ्ठी उपासनेच्या आधी त्या त्या माणसाला दाखवून घ्यायचे.

तू विचारशील, मी तिथंच का नाही बोलले. अक्का, मी उठले ती चूक सांगायलाच. तेवढ्यात टाळ्या झाल्या, पेटीवर सूर धरला, आणि शेजारच्या सुंदराबाईंनी माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. त्यांचा मुलगा दारूच्या नादी लागलाय. त्या म्हणाल्या, "शालन, तुझं ऐकलं ना त्यानं, मग माझंही ऐकेल." त्यांचे अश्रू माझ्या ब्लाउजच्या बाहीत जिरत होते. मला वाटलं, दोन मिनिटं जाऊ देत, मग सांगते. मी हात जोडले. ती दोन मिनिटं अजून संपलेली नाहीत.

त्या आठवड्यात अकरा माणसं घरी आली, ह्यांचं बोलणं ऐकायला. खुर्चीच्या समोर उभं राहून म्हणायची, "बोला ना मकासरेसाहेब, काहीतरी बोला." हे एकेकाच्या तोंडाकडे बघायचे. चौथ्या दिवशी ह्यांनी चांगल्या हातानं पेला फेकला आणि रडले. मी पाहुण्यांना म्हटलं, आत्ता थकलेत. थकलेत हे खोटं नाही. पण ते मी खोट्यासाठी वापरलं.

शेजारच्या जाईबाई तेवढ्या शहाण्या. त्यांनी दारातूनच विचारलं, "शालनबाय, तुमचे घोवकार बोलूक लागले म्हणतत, खरा काय? माका तर भिंतीतसून कायच आयकाक येवक नाय." आपल्या धर्माची नाही ती बाई, पण तिच्यासमोरच मला पहिल्यांदा लाज वाटली.

येऊ नकोस. पुनर्विकासासाठी समोरची चाळ रिकामी केली आहे, पाण्याचं रोज नवीन वेळापत्रक. आणि तू आलीस की तुझ्याकडे बघून मला खोटं बोलता येणार नाही.

तुझी,
शालन


श्रीरामपूर,
२० फेब्रुवारी २०२५

प्रिय शालन,
सलाम.

तुझं स्पीडपोस्ट सोमवारी आलं. रविवारी जाहीर झालं होतं. इथंही सगळे उभे राहिले.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि मला एक दिसलं ते सांगते. तू "व" लिहिलास, त्यानं "ल" वाचला. तू याला चूक म्हणतेस. मी म्हणते, व म्हणजे मागणं आणि ल म्हणजे विश्वास. देवानं त्या पोराच्या तोंडून आधीच वदवून घेतलं. आता आपण "मिळाली" म्हणून ठाम उभं राहायचं, मग मिळते. मागे मागे सरकलं की काहीच मिळत नाही. किती प्रचारकांकडून ऐकलं आहे आपण हे.

आणि सुंदराबाईंचा विचार कर. बुडत्या बाईच्या हातातली काडी काढून घेणार तू? ती काडी आहे की कडबा, हे तिला का सांगायचं?

तू लहानपणापासून अशीच. सातवीत बाईंनी गणितात चुकून दोन मार्क जास्त दिले तर परत करायला गेली होतीस. दोन मार्क गेले आणि पहिला नंबरही गेला. आई म्हणाली, "ही पोरगी स्वर्गातसुद्धा हिशोब तपासायला जाईल."

सोबत साक्ष लिहून पाठवते आहे, दोन पानं. त्यात बोलण्याचा उल्लेखच नाही, कुणाला खोटं वाटायला नको. देवानं गेली दोन वर्षं कसं सांभाळलं एवढंच आहे. मोठ्यानं वाच, शेवटी थोडं थांब, आणि बसून जा. कोण विचारतंय?

तुझी,
अक्का


नायगाव,
२५ फेब्रुवारी २०२५

प्रिय अक्का,
सलाम.

साक्ष वाचली. चांगली लिहिली आहेस. पण ती कुठल्याही बाईची आहे. त्यात दर दोन तासांनी कुशीवर वळवणं नाही, गॅलरीच्या टोकाच्या संडासापर्यंत भांडं नेताना पदर तोंडावर धरणं नाही. परत पाठवते आहे, पाठकोरी आहे, तुझ्या कामी येईल.

आता मला जे लिहायचं आहे ते मी दोन दिवस टाळते आहे. गेल्या रविवारी मी सुशांतला वेस्ट्रीत, वेदीमागच्या खोलीत गाठलं. म्हटलं, माझी चिठ्ठी दाखव. तो बिचारा सगळ्या चिठ्ठ्या फाइलला लावतो. मी समजत होते तितका घाईचा नाही. त्यानं काढून दिली. अक्का, चिठ्ठीवर "मिळाली" लिहिलं आहे. स्वच्छ "ल". माझ्याच हातचा. पाकिटावर पेन्सिलीची रेघ आहे, पण ती इतकी फिकी की मलाच उजेडात धरून बघावी लागली.

"आंटी, मी बरोबर वाचलं ना?" तो विचारत होता. त्याचे कान लाल झाले होते. तीन आठवडे मी मनात त्याला नावं ठेवत होते. मी त्याची माफी मागितली. त्याला कळलं नाही कशाची.

आणि तुला खरं सांगू? पहिल्या क्षणी मला तुझंच पत्र आठवलं. मी कधीही न चुकणारी बाई, दुधाचं कार्डसुद्धा बिनचूक लिहिणारी, आणि माझ्या हातून "ल" कसा पडला? देवानंच हात धरला असेल. मी नायगावच्या नाक्यापर्यंत बस सोडून चालत आले, पायात जीव आला होता. घरी येऊन चप्पल न काढता ह्यांच्या समोर बसले आणि म्हटलं, "बोला." ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. तोंड उघडलं, मान ताठ केली, कपाळावरची शीर फुगली. "ब." लाळ गळली. मी पुसली. ह्यांनी डोळे मिटून घेतले. अकरा परक्या माणसांनी ह्यांच्याशी जे केलं तेच मी केलं, आणि मी तर बायको.

मग मला आठवलं, चिठ्ठी कधी लिहिली ते. दुपारी, ह्यांना आंघोळ घालून, दोन चादरी पिळून झाल्यावर. पेन हातात धरून मी तीनदा पेंगले होते. तो "ल" देवाचा नाही, अक्का. माझ्या झोपेचा आहे.

देव चांगला नाही असं मी म्हणत नाही. तसं म्हणायलाही अंगात जोर लागतो. मी एवढंच म्हणते, की गेली दोन वर्षं मला काही जाणवत नाही. प्रार्थनेला डोळे मिटले की झोप लागते. आणि चुकीची नोंद तशीच ठेवून पुढची बेरीज मला करता येत नाही. मी नऊ तारखेला, स्त्रियांच्या रविवारी, उभी राहून खरं सांगणार आहे. लोक काय म्हणायचं ते म्हणोत.

एक विचारते, रागावू नकोस. ह्यांनी बोललंच पाहिजे असं तुला इतकं का वाटतं? मला वाटतं त्यापेक्षाही तुला जास्त वाटतं. हे प्रेम आहे हे मला कळतं. पण तेवढंच नाही.

तुझी,
शालन


श्रीरामपूर,
१ मार्च २०२५

प्रिय शालन,

सलाम लिहायचा राहिला, सलाम.

तू विचारलंस म्हणून सांगते. याआधी कुणी विचारलं नव्हतं.

मला ऐकू येत नाही. कमी येतं असं नाही, येतच नाही. उजव्या कानाचं आधीच गेलं होतं, डाव्याचं नऊ वर्षांपूर्वी गेलं. त्याच साली आमच्या इथं मैदानावर मोठी सभा झाली, बाहेरून प्रचारक आले होते. आमच्या मंडळीनं मला पुढं नेलं. त्यांनी माझ्या दोन्ही कानांत बोटं घातली, प्रार्थना केली, बोटं काढली आणि विचारलं, "ऐकू येतं?" ते त्यांच्या ओठांवरून कळलं. सगळं मैदान माझ्याकडे बघत होतं. माझे यजमान पहिल्या रांगेत. मी मान हलवली.

एवढंच. तुझ्या दोन मिनिटांसारखंच. मला वाटलं, घरी जाईपर्यंत येईलही ऐकायला.

तेव्हापासून मी चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसते, पाळकसाहेबांचं तोंड दिसावं म्हणून. लोक म्हणतात, अक्का वचनाची किती भुकेली. गाण्याला शेजारणीचे ओठ बघून सुरुवात करते. एकदा सगळे थांबले आणि मी एकटीच एक कडवं पुढं गात गेले, तर म्हणाले आत्मा उतरला. मी हसले होते का रडले होते, आता आठवत नाही. फोननं डोकं दुखतं असं तुला सांगितलं. तुला सांगताना मला वाईट वाटलं नाही, याचंच आता वाटतं.

हसण्यासारखं इथपर्यंतच. गेल्या दिवाळीत मी दाराकडे पाठ करून तांदूळ निवडत बसले होते. नात श्रेया बाहेरच्या ओट्याच्या कठड्यावर चढली, पाय सटकला, तिथंच लोंबकळली आणि मागून मला हाका मारत राहिली. किती मारल्या तिलाच माहीत. शेवटी पडली. हनुवटीला चार टाके. सुनेला मी म्हटलं, डोळा लागला होता. पोरगी नंतर आईला म्हणाली, "आजी जागी होती. तिनं मुद्दाम बघितलं नाही." सून हे माझ्या मुलाला सांगत होती, ते मी तिच्या ओठांवरून वाचलं. सुनेला वाटलं, मला ऐकू गेलं.

म्हणून शांतवनरावांनी बोलायला हवं होतं. एकाला तरी खरंच मिळालं असतं, तर माझंही कधीतरी मिळेल असं धरून बसले असते.

तू सांग. तुला अडवणारं पत्र मी कुठल्या तोंडानं लिहिलं, मलाच कळत नाही. मला मात्र सांगायला लावू नकोस. मी अडुसष्ट वर्षांची आहे. नऊ वर्षांच्या उपकारस्तुत्या परत कशा घ्यायच्या?

मी येत नाही.

अक्का


नायगाव,
१४ मार्च २०२५

प्रिय अक्का,
सलाम. खूप खूप सलाम.

तुझं पत्र मंगळवारी, चार तारखेला आलं. मी लगेच उत्तर दिलं नाही, कारण आधी माझं करून मग तुला लिहायचं होतं.

रविवारी जाईबाई ह्यांच्याजवळ बसल्या. निघताना म्हणाल्या, "काय ता सांगून मोकळी हो, आणि येताना माका पाव घेवन ये." चर्चमध्ये नूपुर सूत्रसंचालन करत होती, पाळकसाहेबांची सून. तिनं माझं नाव घेताना चेहऱ्यावर इतका आनंद आणला की मला तिचीच दया आली. मी कागद नेला नव्हता. उभी राहिले आणि म्हटलं, "माझ्या नवऱ्याला वाचा मिळालेली नाही. चिठ्ठीत चूक माझी होती, सुशांतची नाही. तुम्ही टाळ्या वाजवल्या तेव्हा मला सांगता आलं नाही. घरी आलेल्यांना मी थकलेत म्हणून फसवलं. देवाच्या चांगुलपणाचा अनुभव सांगा असं मला सांगितलं आहे. मी खूप दमले आहे. आज मला एवढंच सांगता येतं, की त्याच्या नावावर मी खोटं जमा ठेवणार नाही." आणि बसले. शेवटी थांबायला सांगितलं होतंस, ते विसरले.

नूपुरनं पुढचं गीत चुकीच्या नंबरचं सांगितलं. नंतर चहाला मनालीबाई, आमच्या स्त्री-मंडळाच्या अध्यक्ष, म्हणाल्या, "हे पाळकसाहेबांना खासगीत सांगता आलं असतं. आज नवीन लोक आले होते." बरोबर आहे त्यांचं. दोघीतिघींनी हात दाबला. पाळकसाहेब म्हणाले, "मीच घरी येऊन बघायला हवं होतं." सुंदराबाई चहाला थांबल्याच नाहीत. माझ्याकडे न बघता गेल्या. मी पाव घेतले आणि घरी आले. अक्का, मोकळं वाटेल असं वाटलं होतं. नाही वाटलं. भांडी होती, ती घासली.

बुधवारी दुपारी दारात सुंदराबाई. हातात पेजेचा डबा. आत आल्या, बसल्या, आणि म्हणाल्या, "शालन, तू माझी आशा घालवलीस." मी म्हटलं, "हो." त्यांनी डबा माझ्यापुढं सरकवला. मग म्हणाल्या, "दोन वर्षं तू अशी दमतेस हे तू कधी सांगितलं नाहीस. आम्ही आपलं विचारायचो, मकासरेसाहेब कसे आहेत. तू कशी आहेस, हे मी तरी कधी विचारलं? जा, पड थोडी. मी आहे."

मी नाही नाही म्हणत आडवी झाले ती दीड वाजता. उठले तेव्हा साडेपाच झाले होते. चार तास. मधे एकदाही दचकून उठले नाही. दोन वर्षांत पहिल्यांदा. उशीवर गालाची खूण उमटली होती, आणि क्षणभर मला कळेना मी कोण, कुठली, कुणाची.

मग मला बोलणं ऐकू आलं. माझ्या घरात कुणीतरी सारखं बोलत होतं. मी पडूनच ऐकलं. सुंदराबाई ह्यांना आपल्या मुलाचं सांगत होत्या. तो केव्हा प्यायला लागला, त्यानं कुणाची अंगठी विकली, एकदा त्यांच्यावर हात उगारला तेही. चर्चमध्ये कुणालाच माहीत नसलेलं. आणि हे ऐकत होते. मी पडद्याआडून पाहिलं, मान पुढं करून, डोळे त्यांच्या तोंडावर. मधे मधे "ब" म्हणत होते. तो "ब" मी आधी कधी ऐकला नव्हता. भुकेचा नाही, चादरीचा नाही. सोळा वर्षं दुसऱ्यांच्या चिठ्ठ्या जपून वाचणारा माणूस जसा "बरं, पुढं" म्हणेल, तसा.

जाताना सुंदराबाई म्हणाल्या, "तुझा नवरा फार चांगला ऐकतो गं. आमच्या घरात माझं कुणी ऐकत नाही. दर बुधवारी येईन, चालेल?"

मी देवाचे आभार मानायला हवे होते. मी आधी तोंड धुतलं. मग चहा टाकला, आणि चहा उकळताना, ओट्याशी उभ्या उभ्या, काही न मागता त्याच्याशी बोलले. काय बोलले ते लिहीत नाही. पण तो तिथं होता, अक्का. मी जागी होते म्हणून सांगते.

तू अडुसष्टची आहेस, मी एकोणसाठची. मी तुला काय शिकवणार? तुझ्या मंडळीला सांग असं मी म्हणत नाही. नऊ वर्षं ते थांबलं, अजून थांबेल. इथं ये आधी. ह्यांना बोलता येत नाही, तुला ऐकू येत नाही, तुमचं दोघांचं दिवसभर भांडण होणार नाही आणि मला दुपारी झोपता येईल.

पण निघण्याआधी एक कर. श्रेयाला मांडीवर घे आणि सांग, आजीनं तुझी हाक टाळली नव्हती, आजीला ऐकूच आली नव्हती. यापुढं मागून हाक मारू नकोस. समोर येऊन उभी राहा.

तुझी,
शालन